मुलांचा वाफा

नवरात्रात आपल्या घरी घट बसतो. शेतातली काळी माती आणतात. ती पत्रावळीवर पसरतात. तिच्यात गहू, ज्वारी, हरभरा असे धान्य पेरतात. मधे पाण्याने भरलेला मातीचा घट ठेवतात. घटाच्या अंगातून पाणी पाझरते आणि धान्याला ओल मिळते. तिसऱ्या-चौथ्या दिवशी कोंब दिसतात. दसऱ्यापर्यंत ते चांगले वीतभर होतात. मग आपण ते टोपीत खोवतो.

हे सगळे चालले असता घरातले लहान लेकरू कुठे असते? घटाजवळच. दिवसातून दहा वेळा ते जाऊन बघते. एखादा दाणा उकरून पाहते. मोठी माणसे रागावतात, "अरे, हात लावू नको!" देवाचे काम आहे, तेव्हा रागावणे ठीकच. पण त्या लेकराला एक मोठी गोष्ट कळलेली असते. दाणा मातीत पडला की उठून उभा राहतो. हे त्याला आपल्या हाताने करून पाहायचे असते. घटात ते करता येत नाही. म्हणून त्याला दुसरी जागा द्यावी. त्या जागेविषयी आम्ही इथे लिहीत आहोत.

घटाचे कोंब पिवळे का असतात, हे कधी तुमच्या मुलाने विचारले आहे का? विचारले नसेल तर तुम्हीच त्याला विचारा. आणि उत्तर सांगण्याची घाई करू नका. दोन करवंट्या घ्या. दोन्हींत माती घाला, गहू पेरा. एक देवघराच्या कोपऱ्यात ठेवा, एक अंगणात उन्हात ठेवा. आठ दिवसांनी दोन्ही शेजारी शेजारी मांडा. उन्हातले कोंब बुटके, जाड आणि हिरवेगार. अंधारातले उंच, बारीक आणि फिकट. त्याचे कारण असे. दाण्याच्या पोटात थोड्या दिवसांची शिदोरी असते. त्या शिदोरीवर कोंब उजेड शोधत उंच धावतो. उजेड मिळाला की पान हिरवे होते आणि आपले अन्न आपण करू लागते. उजेड मिळाला नाही तर शिदोरी संपते आणि कोंब मान टाकतो. एवढे मुलाने डोळ्यांनी पाहिले, की पुढे शाळेत पुस्तकात हा धडा आला तर त्याला तो पाठ करावा लागत नाही.

आता आपल्या भागाकडे पाहू. शिरूर घोडनदीवर, दौंड भीमेवर. पाऊस मात्र दोन्हीकडे बेताचा, कारण हा पर्जन्यछायेचा मुलूख. पुढे पाट आले. पाटामागे ऊस आला. उसामागे पैसाही आला, नाही असे नाही. पण ऊस वाढत वाढत पार दाराशी येऊन भिडला आणि घरामागचे परसू गेले. पूर्वी परसात दोन वाफे मेथीचे, कुडावर दोडका, न्हाणीपाशी अळू, असे काही ना काही असे. आता बागायतदाराच्या घरीसुद्धा कोथिंबिरीची जुडी बाजारातून येते. आम्ही शाळेत एकदा धने आणि मेथ्या मुलांपुढे ठेवल्या. यांतून काय उगवेल ते सांगा, असे विचारले. अर्ध्या मुलांना सांगता आले नाही. ती सगळी शेतकऱ्यांची मुले होती.

पाबळ, केंदूर किंवा कुरकुंभाकडची जिरायत गावे घ्या. तिथे उसाची अडचण नाही, पाण्याची आहे. तरी तीन फूट रुंद नि चार फूट लांब वाफ्याला पाणी लागते ते किती? दोन-तीन तांबे. भाजी धुतलेले पाणीसुद्धा पुरते.

वाफा एवढाच करावा, फार मोठा करू नये. तीन फूट रुंदीच का, तर मुलाचा हात दीड फुटापर्यंत पोचतो. दोन्ही बाजूंनी बसून त्याला मधल्या रोपापर्यंत हात घालता येतो. वाफ्यात पाय द्यावा लागत नाही. पायाखाली माती दबली की मुळांना हवा मिळत नाही.

शनिवारी शाळा सकाळची असते. दुपार उतरली की माती खणायला घ्यावी. मोठ्याने कुदळ मारावी, मुलाने खुरप्याने ढेकळे फोडावी. नदीकाठची भारी काळी माती असेल तर तिच्यात थोडी वाळू मिसळावी, म्हणजे पाणी तुंबत नाही आणि उन्हाने भेगा पडत नाहीत. माळावरची मुरमाड माती असेल तर शेणखत जास्त घालावे, म्हणजे ओल टिकते. शेणखत मात्र जुने, कुजलेले, हाताला भुगा लागणारे असावे. ताज्या शेणाच्या उकिरड्यात हुमणी असते. पांढरी, जाड, अर्धगोल वळलेली अळी, ती हुमणी. ऊसवाल्यांना तिची ओळख करून द्यायला नको! ती मुळे खाते. खणताना निघाली तर मुलाने ती कोंबड्यांपुढे टाकावी. गांडूळ निघाले तर ते परत मातीत सोडावे. कोणाला ठेवायचे आणि कोणाला काढायचे, हे त्याला इथेच समजते.

रविवारी सकाळी पेरणी करावी. रविवारच पाहिजे असे काही नाही. रांजणगावच्या कारखान्यात पाळीवर जाणाऱ्याची किंवा दौंडच्या रेल्वेत नोकरी करणाऱ्याची सुटी ज्या वारी, तो वार त्याचा. आठवड्यातून एक तास, पण तो ठरलेला असावा. मुले तासांपेक्षा वाराची वाट अधिक पाहतात.

आता सगळ्यात अवघड गोष्ट सांगतो. ती मुलासाठी अवघड नाही, तुमच्यासाठी आहे. तो वाफा मुलाचा आहे. मूल ओळ वाकडी ओढील. बी एका जागी मूठभर सांडील. तुमचा हात शिवशिवेल. शेतीत आयुष्य गेलेल्या माणसाला वाकडी ओळ बघवत नाही, हे आम्हाला ठाऊक आहे. तरी हात आवरावा. विचारले तर सांगावे, मागितली तर मदत करावी. मूल झोपल्यावर रात्री उठून वाफा नीट करणारे वडीलही आम्ही पाहिले आहेत. सकाळी मुलाने ओळखले आणि दुसऱ्या रविवारी ते वाफ्याकडे फिरकले नाही.

आणखी एक. काही शाळांत मस्ती करणाऱ्या मुलाला शिक्षा म्हणून झाडांना पाणी घालायला लावतात. असे घरी करू नये. पाणी घालणे ही शिक्षा झाली की झाड त्याचे शत्रू होते.

मुलाला स्वतःचा वाफा द्यावा, ही कल्पना आमची नव्हे. जर्मनीत फ्रेडरिक फ्रोबेल म्हणून एक शिक्षक होऊन गेले. आई लहानपणीच गेली होती. तरुणपणी त्यांनी रानाच्या अधिकाऱ्यापाशी उमेदवारी केली. त्यांनी १८३७ साली लहान मुलांसाठी एक शाळा काढली. तिला पुढे त्यांनी नाव दिले 'किंडरगार्टन', म्हणजे मुलांची बाग. नुसते नावच बागेचे नव्हते. तिथे प्रत्येक मुलाला जमिनीचा एक छोटा तुकडा असे. त्यात त्याने पेरावे, काढावे. आज शहरात बालवाडीला जे इंग्रजी नाव देतात, त्याचा अर्थ हा असा आहे. फी भरणाऱ्या पुष्कळांना तो ठाऊक नसतो.

आपल्या महाराष्ट्रात ताराबाई मोडक यांनी १९४५ साली बोर्डी येथे अनुताई वाघ यांना बरोबर घेऊन गरिबांच्या मुलांसाठी काम सुरू केले. मुले शाळेत येईनात, तेव्हा त्या वस्तीत गेल्या आणि अंगणात मुले जमवली. ती अंगणवाडी. महागडी खेळणी नव्हती. पाने, बिया, शंख-शिंपले हीच खेळणी. १९५७ साली हे काम कोसबाडच्या टेकडीवर गेले. आज तुमच्या गावात अंगणवाडी आहे, तिच्या नावाचे मूळ तिथे आहे.

आणि अगदी जवळचे उदाहरण आपल्या शिरूर तालुक्यातच पाबळला आहे. डॉ. श्रीनाथ कलबाग हे मोठ्या कंपनीतील संशोधनाचे काम सोडून तिथे आले. १९८३ साली त्यांनी विज्ञान आश्रम सुरू केला. हातांनी काम करता करता शिकावे, हा तिथला पाया. सुतारकाम, लोहारकाम, वीज, शेती, पशुपालन असे सगळे. पुढे हेच शिक्षण माध्यमिक शाळांत आठवड्यातून एक दिवस देण्याची पद्धत त्यांनी बसवली. आठवड्याचा एक दिवस हाताला दिला तर मुलाच्या डोक्याचे नुकसान होत नाही, हे पाबळने आपल्या डोळ्यांसमोर दाखवून दिले आहे.

असो. काय पेरावे ते पाहू.

पहिल्या खेपेला मेथी घ्यावी. स्वयंपाकघरातल्या मेथ्या चालतात. रात्री भिजत घालाव्या, सकाळी पेराव्या. तिसऱ्या-चौथ्या दिवशी माती उचललेली दिसते. महिन्याभरात भाजी काढता येते. लहान मुलाला फार वाट पाहायला लावणारे पीक पहिले देऊ नये. कोथिंबीर त्याच्या शेजारच्या ओळीत लावावी. धना आख्खा पेरू नये, बाटलीने हलके रगडून त्याच्या दोन फाका कराव्या. त्याला उगवायला आठ-दहा दिवस लागतात, कधी जास्तही. तोवर मेथी मुलाचे मन राखते. तिसरी ओळ मुळ्याची. मुळा दीड महिन्यात उपटायला येतो. मातीतून ओढून काढला की पांढरा शुभ्र हातभर मुळा निघतो, तेव्हा मुलाचे तोंड बघण्यासारखे असते.

बी किती खोल? बी जेवढे जाड, त्याच्या दुप्पट-तिप्पट माती वर असावी, अधिक नको. मुले बी फार खोल पुरतात, मग दुसऱ्या दिवशी उकरून पाहतात. उकरू नको म्हणून उपयोग नाही. त्यापेक्षा काचेच्या पेल्यात ओले फडके घालून फडके आणि काच यांच्या मधे चवळीचे चार दाणे ठेवून द्यावे. आत काय होते ते काचेतून दिसते. आधी मूळ खाली जाते, मग कोंब वर येतो. पेला उलटा केला तरी दोन दिवसांत मूळ वळून पुन्हा खाली जाते. हे मुलाने जरूर करून पाहावे. आपणही पाहावे!

रोपे दाट झाली की विरळणी करावी लागते. मुलाला रोप उपटवत नाही, ते रडते. त्याला सांगावे की उपटलेली कोवळी मेथी आज डाळीत पडणार आहे. मग ते तयार होते.

हे सगळे ऑक्टोबर ते जानेवारी या दिवसांत उत्तम साधते. पावसाळ्यात वेल लावावे. कुडाच्या कडेला आळे करून लाल भोपळ्याचे किंवा दोडक्याचे बी टोकावे. भोपळ्याला पहिली फुले येतात आणि गळून पडतात. मूल हिरमुसते. त्याला समजावून सांगावे की भोपळ्याला दोन प्रकारची फुले असतात. काही नर, काही मादी. पहिली बहुधा नर. मादी फुलाच्या मागे सुपारीएवढा छोटा भोपळा आधीपासूनच असतो. नर फुलातली पिवळी भुकटी मादी फुलात गेली, तर तो वाढतो. नाही गेली, तर तो पिवळा पडून गळतो. हे काम मधमाशी करते. माशा कमी असल्या तर मुलाने करावे. सकाळी लवकर नर फूल तोडावे, पाकळ्या काढाव्या आणि आतला दांडा मादी फुलात हलके फिरवावा. भोपळ्याचे फूल सकाळी उमलते, दोडक्याचे सायंकाळी. हे ध्यानात ठेवावे. असा धरलेला भोपळा मूल रोज मोजते आणि आल्यागेल्याला दाखवते.

उन्हाळ्यात पाणी नसते. तेव्हा वाफा मोकळा तापू द्यावा. न्हाणीच्या पाण्यावर अळू, केळ किंवा शेवगा जगवावा. धुण्याच्या सोड्याचे पाणी मात्र झाडाला घालू नये.

पाणी घालणे मुलांना फार आवडते, आणि त्यातच रोपे मरतात. जास्त पाण्याने मुळे कुजतात. म्हणून नियम असा ठेवावा : आधी बोट मातीत खुपसायचे. दोन पेरांपर्यंत ओल लागली तर आज पाणी नाही. झारी विकत घेण्याची गरज नाही. पाण्याच्या रिकाम्या बाटलीच्या झाकणाला खिळ्याने भोके पाडली की झारी झाली.

शिरूर-दौंडला भाड्याच्या खोलीत राहणाऱ्यांना अंगण कुठले? त्यांनी जुने घमेले, फुटका माठ किंवा सिमेंटची गोणी घ्यावी. तळाला भोके पाडावी. दिवसाला चार-पाच तास ऊन मिळेल अशा पायरीवर ठेवावी. मेथी, कोथिंबीर तिथेही होते. पण औषधाचा किंवा तणनाशकाचा रिकामा डबा कधीही वापरू नये. तो कितीही धुतला तरी नको.

मुलांच्या वाफ्यावर फवारणीचा पंप नेऊ नये. चवळीवर मावा पडला तर पाण्याच्या धारेने धुवावा. तेवढ्याने भागले नाही तर मूठभर, म्हणजे ५० ग्रॅम, वाटलेली निंबोळी लिटरभर पाण्यात रात्रभर भिजवून गाळावी आणि शिंपडावी. त्याआधी मुलाला पानांत नीट शोधायला सांगावे. तांबडा, काळ्या ठिपक्यांचा ढालकिडा दिसला तर थांबावे. तो आणि त्याची अळी मावा खाते. कढीपत्त्यावर हिरवी अळी दिसली तर एक-दोन राहू द्यावी. तिचे फुलपाखरू होते.

काही धोके आहेत. ते स्पष्ट सांगितले पाहिजेत.

दुकानातले गुलाबी, निळे रंगवलेले बी विषारी औषध लावलेले असते. ते मुलाच्या हाती देऊ नये. चंद्रज्योत, म्हणजे मोगली एरंड, कुंपणाला असते. तिच्या बिया शेंगदाण्यासारख्या लागतात म्हणून मुले खातात आणि त्यांना विषबाधा होते. महाराष्ट्रात असे अनेकदा घडले आहे. कण्हेर, धोत्रा हेही विषारी. मुलाला ही झाडे नावानिशी दाखवून ठेवावी. पाचटाच्या ढिगात हात घालू देऊ नये, तिथे सापविंचू असतात. काम झाल्यावर साबणाने हात धुवावे.

आणि बिबट्या. उसाच्या फडात तो आता कायमचा राहू लागला आहे. २०२५ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात शिरूर तालुक्यातील पिंपरखेडला त्याने मुलांचे बळी घेतले. वाकून किंवा उकिडवे बसलेले मूल त्याला लहान जनावरासारखे दिसते. म्हणून वाफा उसाच्या कडेला करू नये, घराच्या दारासमोर करावा. मोठे माणूस जवळ असल्याशिवाय मुलाने तिथे बसू नये. दिवस मावळण्याच्या बराच आधी काम थांबवावे. भीती घालायची म्हणून आम्ही हे सांगत नाही. वाफा दारासमोर असला तर घराकडेही लक्ष राहते आणि मुलाकडेही.

आता तुमच्या नव्या विद्येचा उपयोग. पेरणी झाली की फळकुटाची एक पाटी करावी. तिच्यावर मुलाचे नाव, पिकाचे नाव आणि तारीख लिहावी. मूल पहिलीत असेल तर 'मुळा' हा शब्द त्याने लिहावा, तारीख आईने लिहावी. आईचे अक्षर मुलापेक्षा वाईट आले तरी लाजू नये. दोघेही शिकतच आहेत. कोंब कधी दिसला, भाजी कधी काढली, ते भिंतीवरच्या दिनदर्शिकेत त्या त्या तारखेच्या चौकटीत टिपावे. पुढच्या वर्षी केव्हा पेरायचे, हे त्यावरून कळते.

भाजी निघाली की ती त्याच दिवशी घरात शिजावी आणि मुलाच्या ताटात पहिली पडावी. पालेभाजीला तोंड वेंगाडणारे मूल आपल्या वाफ्यातली मेथी मागून खाते. याला महत्त्व आहे. २०१९ ते २०२१ या काळात देशभर कुटुंबांच्या आरोग्याची सरकारी पाहणी झाली. महाराष्ट्रात सहा महिने ते पाच वर्षे वयाच्या दर १०० मुलांमागे सुमारे ६९ मुलांच्या अंगात रक्त कमी निघाले. एका वाफ्याने हे भरून निघणार नाही. अंगणवाडीतून मिळणारे लोहाचे औषध द्यावेच लागते. पण पालेभाजीवर लिंबू पिळावे, म्हणजे भाजीतले लोह अंगी अधिक लागते. पहिला मुळा आजीला द्यायचा की गुरुजींना, हे मात्र मुलालाच ठरवू द्यावे.

एक-दोन रोपे भाजीला न तोडता राखावी. बियाण्याचे काम मुलांना दाखवायचे राहून जाते. शेजारच्या अहिल्यानगर जिल्ह्यात अकोले तालुक्यात कोंभाळणे गाव आहे. तिथल्या राहीबाई पोपेरे कधी शाळेत गेल्या नाहीत. त्यांनी वाल, घेवडा आणि कितीतरी भाज्यांचे गावरान बी जमवले, जपले आणि लोकांना वाटले. त्यांना २०२० सालची पद्मश्री मिळाली. लोक त्यांना बीजमाता म्हणतात.

त्यांच्यासारखेच आपणही थोडे करावे. चवळीच्या किंवा घेवड्याच्या सर्वांत चांगल्या वेलाला मुलाने चिंधी बांधावी. त्या वेलाच्या शेंगा कोणी तोडू नयेत. त्या वेलावरच पिवळ्या पडून वाळू द्याव्या. मग सोलून, किडके-सुरकुतलेले दाणे निवडून काढावे. उरलेले दोन-तीन दिवस सावलीत सुकवावे. दाताखाली दाणा कट्कन फुटला की तो सुकला समजावा. चुलीची कोरडी राख चाळून त्यात बी घोळावे आणि कोरड्या बाटलीत भरून बूच घट्ट लावावे. बाटलीवर कागद चिकटवावा. त्यावर पिकाचे नाव, महिना आणि साल मुलाकडून लिहून घ्यावे आणि बाटली त्याला दिसेल अशा फळीवर ठेवावी.